गढूळ पाण्याची ओटी

शहराच्या पश्चिमेला साळुंकीचा ओढा आहे. जुन्या पुलापासून त्याच्या काठाने पाऊण तासाची सपाट वाट जाते, गुडघे धरलेल्या माणसालाही झेपेल अशी. आधी पेरूची बाग लागते, मग मुलांचे झोके, मग पालिकेची रोपवाटिका, मग बांबूचं बेट; आणि सगळीकडे डाव्या हाताला पाणी. वाट संपते तिथे उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. या सातीआसरा, पाण्याच्या देवता. त्यांच्या पायाशी खडकाच्या फटीतून ओढ्याचं पाणी बाहेर येतं. मागच्या पायऱ्या चढून गेलं की टेकडीच्या पोटातला मूळ झरा.

नवं माणूस इथे आलं की एका गोष्टीपाशी अडखळतं. देवीची ओटी भरायची तर आपण निर्मळ पाणी, निर्मळ जागा बघतो. इथे बायका खण-नारळ घेऊन येतात आणि पाणी नितळ असेल तर ओटी तशीच मांडीवर धरून बसून राहतात. पाण्याला तांबूस रंग आला की मगच भरतात. असं का म्हणून विचारलं, तर आसरांच्या ठाण्याची झाडलोट करणाऱ्या इंदूबाई गुरव आधी तुम्हाला बसायला लावतात, आणि मग ठकूची हकीकत सांगतात.

तेव्हा शहर नव्हतं म्हणे. ओढ्याकाठी माळ्यांची वीस-पंचवीस घरं होती, मेथी-मुळ्याचे वाफे होते, झेंडूचे मळे होते. ठकू त्यातल्याच सटवाजी माळ्याची बायको. लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं. त्या साली झऱ्याचं तोंड ढासळलं आणि ओढ्याला नुसता गाळ येऊ लागला. वाफे चिकटून बसले, लेकरांची पोटं बिघडली. घरोघरी बायका घागरीला आतून निवळीचं बी घासायच्या, तेव्हा कुठे घटकाभराने वरचं पाणी पिण्याजोगं व्हायचं. शेवटी गावाने ठरवलं, टेकडीत चर खणून आत शिरायचं आणि झरा मोकळा करायचा. पाच जण निघाले. त्यात सटवाजी होता.

ते निघाले त्या सकाळी ठकू सात दगडांपुढे उभी राहिली. धनी सुखरूप घरी येऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं. पण शेजारी सासू होती, आळीतल्या बायका होत्या. सगळं गाव पाण्यासाठी हात जोडून उभं असताना नव्या सुनेने आपल्या नवऱ्यापुरतं मागावं, हे तिला बरं दिसेना. ती लाजली, आणि मोठ्याने बोलली ते हे: "बायांनो, पाणी निवळू द्या. ज्या दिवशी निवळेल त्या दिवशी तुमची ओटी भरीन."

तिसऱ्या दिवशी दुपारी टेकडीतून दबका आवाज आला. चराचं तोंड बसलं आणि पाचही जण आत राहिले.

गावातले पुरुष कुदळी-फावडी घेऊन धावले. पण वरची माती ओली होती, दोन पाट्या काढल्या की चार पाट्या खाली येत. बायकांना तिथे कुणी फिरकू देईना. ठकू मग खाली आसरांपाशी येऊन बसली, पाण्याकडे बघत. पाणी गढूळ होतं, तांबडं, झऱ्याच्या पोटातल्या मातीच्या रंगाचं. बघता बघता तिच्या मनात आलं की आत कुणाचा तरी हात चालतोय, म्हणून तर गाळ येतोय.

"ढासळलेली माती हाय ती," सासू म्हणाली. "विरघळंल तशी येईल. उगा आस धरू नगस, पोरी." पण असं म्हणून म्हातारी घरी गेली नाही. तीही तिथेच दगडावर टेकली.

त्या घटकेपासून ठकूचा जीव पाण्याच्या रंगात अडकला. रंग गडद झाला की ती घास खाई. फिका झाला की भाकरी हातात तशीच राही. जे पाणी निवळावं म्हणून दोन महिने तिने बी घासलं, तेच आता निवळू नये म्हणून ती श्वास धरून बसली होती. आणि नवस तर बोलून बसली होती उलटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळू लागलं. आधी कडेचे खडे दिसले, मग तळाची वाळू, मग खेकड्याचं पिल्लूसुद्धा दिसलं. आळीतली कोंडाई घागर भरायला आली ती थबकली.

"निवळलं गं पाणी," ती हळूच म्हणाली. "ठकू, देवाचं देणं अंगावर ठेवू नये बाई. ओटी भरून टाक."

वर टेकडीवर गावच्या धोंडोजी पाटलांनी माणसांना हात थांबवायला सांगितलं होतं. पाच गेले, आता आणखी पाच कशाला घालवायचे, असं ते म्हणाले म्हणे. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांचा सख्खा पुतण्या आत होता.

सासूने खण-नारळ आणून ठकूच्या मांडीवर ठेवला. ठकूने तो धरला, पण जागची उठली नाही.

"मी नाय भरत, आत्याबाई."

"बोललेलं फिरवू नये गं. आसरा कोपतील."

"कोपल्या तर माझ्यावर कोपू देत. मीच चुकीचं मागितलं."

मग ती दगडांकडे वळली. आता भोवती कोण आहे हे तिने पाहिलं नाही. "बायांनो," ती म्हणाली, "मला माझा धनी पाहिजे होता. मी चारचौघींत लाजले, नि पाणी मागून बसले. तुम्ही दिलंत ते परत घ्या. पाणी गढूळ करा. मग मी ओटी भरते."

कोंडाईने कानांवर हात ठेवले. अशी मागणी देवाजवळ कुणी कधी केली नव्हती.

पाणी नितळच वाहत राहिलं. उंबराची सावली पायाशी आली, पायावरून पुढे सरकली. आणि मग खडकाच्या फटीतून तांबड्या रंगाचा एक धागा सुटला. आला आणि विरला. मागोमाग दुसरा आला. ठकू बोटं मिटत गेली. पाच वेळा रंग आला आणि थांबला.

सासू आपलं वय विसरून टेकडी चढली आणि पाटलांना घेऊन आली. तोवर पाणी पुन्हा नितळ झालं होतं.

"आत माती घसरली असंल, बाळ," पाटील म्हणाले.

"घसरणारी माती मोजून घसरत नाय, मामा. तुम्ही बसा."

"किती येळ बसू?"

"मी बसलेय तेवढा तरी बसा."

पाटील बसले. बराच वेळ काही झालं नाही. ते दोनदा उठायला लागले आणि दोनदा ठकूच्या तोंडाकडे बघून पुन्हा बसले. मग फटीतून रंग आला. पाटील ओठांतल्या ओठांत मोजत होते. पाचवा विरला तसे ते उठले, डोक्याचं मुंडासं सोडून कमरेला आवळलं, वर गेले आणि पहिली कुदळ स्वतः मारली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत चर मोकळा झाला. एकेक करून पाचही जण बाहेर आले. चिखलाचे पुतळे नुसते, पण चालते. मोकळ्या झालेल्या झऱ्याचा सगळा साचला गाळ खाली लोटला, आणि त्या लाल पाण्यापाशी ठकूने सात दगडांची ओटी भरली.

खूण करायची युक्ती कुणाची, असं गावाने विचारलं तेव्हा सटवाजी गोंधळला म्हणे. "कसली खूण? आम्ही कुदळी टाकून पडलो होतो, अंगात त्राण नव्हतं. मग आमच्यातल्या थोरल्या हैबतीला एकाएकी तहान लागली नि त्यानं सगळ्यांना हलवून उठवलं. अंधारात एकमेकांच्या अंगावर पडू नये म्हणून एकेकानं पुढं व्हायचं, गाळात उतरून ओंजळीनं पाणी प्यायचं, मागं सरायचं. दोन खेपा एवढंच केलं आम्ही."

हैबतीला नेमकी तेव्हाच तहान का लागली, हे इंदूबाई सांगत नाहीत. त्या दगडांकडे बघून हात जोडतात.

आजही फिरायला आलेली माणसं पायऱ्या चढून झऱ्यापर्यंत जातात, पाण्यात हात घालतात आणि तळचा गाळ प्रत्येकी एकदा ढवळतात. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्या बायका खाली उंबरापाशी ओटी घेऊन बसतात आणि फटीतून येणारे रंग मोजतात. आपली माणसं वर झऱ्यापाशी तीन गेली असतील तर तीन. दोनदा रंग येऊन गेला आणि तिसऱ्याला उशीर झाला, तर नारळावरचा हात घट्ट होतो, आणि शेजारी बसलेली अनोळखी बाईदेखील आपलं बोलणं थांबवून पाण्याकडे बघू लागते.