शेवाळाच्या ढिगावर बसलेली कोंबडी

फार पूर्वी, कोंबड्यासुद्धा दिलेला शब्द पाळत, तेव्हाची ही गोष्ट. एका वर्षी तळ्याकाठचा दाणा संपला. उरला तो काठावर सडणाऱ्या शेवाळाचा ढीग. कवडी नावाची कोंबडी भुकेली पिल्लं घेऊन तिथे आली. उकरून पाहते तर आत केसाएवढ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. तिने चोच उगारली.

“आत्ता खाल्लंस तर एका घासात संपू,” एक अळी कळवळून म्हणाली. “आठ दिवस थांब. ही घाण खाऊन आम्ही टम्म फुगू. मग निम्म्या खा, पण निम्म्यांना माश्या होऊन उडू दे. त्याच पुन्हा इथे अंडी घालतील.”

कवडीने शब्द दिला. कावळे टपलेले होते, म्हणून ती अंड्यांवर बसावी तशी ढिगावरच बसून राहिली. पिल्लं गवताचे कोंब टोचत दिवस काढत होती. त्यांची चिवचिव रोज क्षीण होत गेली. कवडीची चोच शिवशिवायची, पण ती हलली नाही.

आठव्या दिवशी ती उठली. गुबगुबीत अळ्यांवर पिल्लं तुटून पडली. बघता बघता निम्मा ढीग संपला.

“आई, अजून!” सगळ्यांत अशक्त पिल्लू पुढे आलं.

कवडी उरलेल्या ढिगावर परत बसली. पिल्लू तिच्या पोटाखाली डोकं खुपसू लागलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या पिल्लाला चोच मारली.