कांशाचं की लोखंडाचं?

खूप जुन्या काळी, एका खिंडीच्या आडोशाला एक छोटंसं राज्य होतं. तिथल्या शस्त्रागाराचा कारभारी मोठा प्रामाणिक माणूस, पण काही ठरवायची वेळ आली की आज-उद्या करत बसायचा.

एकदा राजानं त्याला सांगितलं, "पावसाळा सरला की शत्रू येणार. खिंडीतल्या पहारेकऱ्यांसाठी चिलखतं करून घ्या. कांशाची की लोखंडाची, ते तुम्हीच ठरवा."

पहारेकऱ्यांचा नायक होता कारभाऱ्याचाच धाकटा भाऊ. त्यामुळे त्याला चूक अजिबात करायची नव्हती.

त्यानं आधी कासाराला विचारलं. वाटलं, हा कांशाचेच गोडवे गाणार. कासार म्हणाला, "कांसं साच्यात ओतलं की झालं. गंजतही नाही. पण सरकार, त्यातलं कथील समुद्रापलीकडून येतं, फार महाग पडतं. लोखंडच घ्या."

मग लोहाराला विचारलं. तो म्हणाला, "लोखंड आपल्याच डोंगरात, मातीमोलानं मिळतं. पण आमच्या भट्टीत ते ओतण्याइतकं वितळत नाही. एकेक पत्रा घणानं ठोकून काढायचा, कोळशापायी रान उजाड करायचं, आणि वर गंज! मी म्हणतो, कांसंच बरं."

घ्या! दोघेही खरं बोलत होते, आणि कारभाऱ्याचं डोकं पार चक्रावलं.

त्यानं दोन्हींचे पत्रे ओसरीत टांगले. बाजारात भांडं वाजवून घेतात तशी रोज दोन्हींना टिचकी मारायचा. कांसं खणखणीत वाजलं की कथील आणायला माणूस धाडायचा. खर्च आठवला की त्याला वाटेतून परत बोलवायचा. लोहाराची भट्टी पेटवायला लावायचा, आणि पत्र्यावर गंज दिसला की विझवायलाही लावायचा.

भाऊ म्हणाला, "दादा, कशाचं ते राहू दे. कधी मिळणार तेवढं सांग."

"थांब रे, मला अजून नीट कळत नाहीये!"

शत्रू मात्र थांबला नाही. भाऊ जाड कापडी अंगरखा घालून खिंडीत उभा राहिला. खिंड त्यानं राखली, पण उजवा हात खांद्यापासून गमावून घरी आला.

कारभारी रडत लोहाराकडे धावला. "माझ्या भावाचं चिलखत आत्ताच्या आत्ता करायला घे, बाबा!"

लोहारानं मापाची दोरी उचलली आणि मान खाली घालून विचारलं, "सरकार, उजवी बाही करायची का?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र कारभाऱ्याला लगेच कळलं.

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: सर्वांत चांगलं शोधण्यात वेळ दवडला, की साधं चांगलंही हातचं जातं.