रिकाम्या चोचीचा पाहुणा

फार मागे एका डोंगरात वणवा लागला आणि ओढ्याकाठचं म्हातारं उंबर जळून गेलं. त्यावर एका शेकरूचं घरटं होतं. पहिले आठ दिवस शेजारच्या रानातून माकडं आली, पोपट आले. जो तो तिच्यासाठी फळं घेऊन आला. मग सगळे आपापल्या कामाला लागले.

येत राहिला तो एकटा धनेश. रोज रिकाम्या चोचीने यायचा, जळक्या खोडावर बसायचा, खाली विष्ठा टाकायचा आणि उडून जायचा.

"बाकीच्यांनी निदान काहीतरी आणलं," शेकरू एकदा भडकली. "तू पोटभर खाऊन येतोस आणि माझ्या दारात घाण करतोस."

"मला एवढंच जमतं, शेकरूबाई," धनेश म्हणाला.

तिने त्याला हुसकावून लावलं, आणि स्वतःही लांबच्या रानात जाऊन राहिली. तिथे खायला कमी नव्हतं. पण डोळे मिटले की पिकल्या उंबरांचा वास यायचा. पावसाळा सरल्यावर तिला राहवेना, ती परत आली.

खोडाभोवती सगळीकडे जमीन अजून काळी, उघडी होती. फक्त धनेश बसायचा त्या बाजूला उंबराची तीन आणि जांभळाची दोन रोपं वर आली होती.

त्या दिवसापासून ती खोडावर बसून आभाळाकडे बघत राहायची. दोन उन्हाळे गेले. मग एका सकाळी ओळखीच्या पंखांचा आवाज आला. शेकरू बाजूला सरकली.

"बस," ती म्हणाली. "खाऊन आलायस ना?"