पंपावरचं नाव

श्रीमंत देशाच्या सरकारने आमच्या भोरवंडीला पाण्याचा पंप दिला. वर त्यांच्या नावाची पाटी, आणि त्यांच्या माणसाशिवाय कुणी तो उघडायचा नाही, ही अट. पंप बिघडला. वर्षाने त्यांचे साहेब आले ते गरजतच, "फुकटचं सांभाळता येत नाही? पुढची मदत बंद!"

मी दुभाषी, जसंच्या तसं मराठीत सांगितलं. सरपंच कौसाबाई मात्र हसल्या.

"साहेब, आमच्यात भांड्यावर नाव घालतात. ज्याचं नाव, त्याचं भांडं. शेजारणीचं पातेलं गळलं, तर तिला न विचारता मी डाग देत नाही. पंपावर नाव तुमचं, आणि नावं ठेवायची आम्हाला? पाटी काढा. आमच्या पोरी पान्हे घेऊन बसल्यात."

मी चाचरत भाषांतर केलं. साहेब स्वतःच पाटीचे स्क्रू काढू लागले.

संध्याकाळी पाणी आलं. आता पंपावर 'भोरवंडी' एवढंच कोरलंय.