गुटीला शुक्र बघायचाय

एक होती बेडकी. तिचं नाव गुटी. गुटी एवढीशी, पण डोळे केवढे!

आज शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. काळा काळा, तिळाएवढा. आज चुकला, की पुन्हा शंभर वर्षांनी! पण सूर्याकडे नुसतं बघायचं नाही. डोळे बिघडतात. म्हणून गुटीने आणला होता सूर्य बघायचा खास चष्मा.

चष्मा ठेवला दगडावर. डबक्यात मारली डुबकी. डुबुक! वर येऊन बघते तर काय? चष्मा गायब!

चष्मा नेला कोंबडीने. पंखाखाली घेऊन बसली खुराड्यात.

"कोंबडीताई, चष्मा दे ना! शुक्र चाललाय, वेळ उरेना!"

"ग्रहण आहे गं बाई! कुणी वर बघू नये, म्हणून चष्मा लपवला. बोकडोबा उठले, की मी उठेन."

गुटी निघाली. टुणुक टुणुक. बोकड लपला होता दाराआड. दाढी मोठी, धीर छोटा.

"बोकडोबा, उठा ना! कोंबडी उठेना, चष्मा देईना. शुक्र चाललाय, वेळ उरेना!"

"ग्रहण आहे गं पोरी! म्हैस उठली, की मी उठेन."

टुणुक टुणुक. म्हैस बसली होती गोठ्यात. डोक्यावर तुळशीचं पान, म्हणजे ग्रहण लागत नाही म्हणे!

"म्हशीबाई, उठा ना! बोकड उठेना, कोंबडी उठेना, चष्मा देईना. शुक्र चाललाय, वेळ उरेना!"

"कोंबडा आरवला, की मी उठेन."

टुणुक टुणुक. कोंबडा टोपलीखाली.

"कोंबडेदादा, आरवा ना! म्हैस उठेना, बोकड उठेना, कोंबडी उठेना, चष्मा देईना. शुक्र चाललाय, वेळ उरेना!"

"पोपटराव म्हणाले ग्रहण सुटलं, की मी आरवेन."

टुणुक टुणुक. पोपट चोचीने पत्ते उचलायचा, भविष्य सांगायचा. वाचता एक अक्षर येत नव्हतं. तरी सगळे त्याचंच ऐकायचे!

"पोपटराव, सांगा ना! कोंबडा आरवेना, म्हैस उठेना, बोकड उठेना, कोंबडी उठेना, चष्मा देईना. शुक्र चाललाय, वेळ उरेना!"

"ग्रहण काय असंच सुटतं? आधी हिरवी मिरची आण."

गुटी मिरचीला लोंबकळली. टुक्! मिरची तुटली. गुटीने ओढत ओढत आणली. पोपटाने खाल्ली. कुर्रम कुर्रम.

"ग्रहण सुटलं!" पोपट म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही!

पोपट बोलला, कोंबडा आरवला. कोंबडा आरवला, म्हैस उठली. म्हैस उठली, बोकड उठला. बोकड उठला, कोंबडी उठली. कोंबडी उठली, चष्मा मिळाला!

गुटीने चष्मा लावला. वर बघितलं. अहाहा! केशरी सूर्य. त्यावर काळा ठिपका.

"अहो, ग्रहण नव्हतंच! हा बघा शुक्र!"

"आधी मी! मी शहाणा!" पोपट ओरडला.

"रांगेत या," गुटी म्हणाली. "आणि चष्म्याशिवाय कुणी वर बघायचं नाही!"

कोंबडीने बघितला. बोकडाने बघितला. म्हशीने बघितला. कोंबड्याने बघितला. मग आला पोपट. सूर्य होता, पण ठिपका नव्हता.

"शुक्र कुठाय?"

"गेला!"

"परत कधी येणार?"

"शंभर वर्षांनी!"

पोपटाची चोच उघडी ती उघडीच.