सातऱ्यावरचा पारा

पहिल्यांदा खटकलं ते थर्मामीटर. ते खिळ्यावर नव्हतं. माठात होतं.

एका गावात मिरचीचा सातरा होता, म्हणजे उघड्यावरचं मिरचीचं खळं. चाळीस बाया दिवसभर उन्हात बसून मिरचीचे देठ खुडायच्या. त्यांच्यावर इस्तारी नावाचा एक भोळा मुकादम होता. आणि हजेरी लिहायला प्रणाली होती. कॉलेज शिकलेली, पण पाल चुकचुकली तरी दचकणारी.

उन्हाळा लागला तसे तालुक्याहून एक साहेब आले. थर्मामीटर दिलं, नियमांचा कागद दिला. सातऱ्याच्या मालकानं, शेठनं, दोन्ही इस्तारीच्या हातात ठेवली. "लिहिलंय तसंच करायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

इस्तारीला फार बरं वाटलं. इतकं सोपं काम त्याला कोणी दिलं नव्हतं.

"इस्तारीभाऊ, थर्मामीटर माठात कशाला?" प्रणालीनं विचारलं.

"शेठ म्हणले, पारा बेचाळीसच्या वर गेला तर काम बंद करावं लागते, पाहजो, जाऊ देऊ नको. मंग बुडवला. आता जातेच कसा?"

"अहो, माणसं बसतात तिथं टांगायचं असतं ते!"

"मंग असं सांगा ना, ताई."

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर शेठच्या केबिनमध्ये, कूलरसमोर. पारा सव्वीसवर. बाहेर मिरची तडतडत होती.

"इथं का टांगलं?"

"माणसं बसतात तिथं म्हणले तुमी. खुर्चीवर शेठच बसते. बाया तं खाली असतात."

शेठनं आतून मान डोलावली. त्याला हे पटलं होतं.

प्रणालीनं पाऱ्याचा नाद सोडला. "निदान पाणी तरी द्या त्यांना. दर अर्ध्या तासानं. तहान लागायच्या आधीच द्यायचं, कळलं?"

"कळलं."

इस्तारी घड्याळ लावून पाणी वाटू लागला. दुपारी पंचफुला उठली. तिनं दोन-तीनदा हाका मारल्या, तरी इस्तारी घड्याळच बघत राहिला. पंचफुलाला सातवा महिना होता.

"मुकादम, घोटभर पाणी द्या ना जी. लय तहान लागली."

"लागली?" इस्तारी हळहळला. "मंग आता नाही देता येत. लागायच्या आधी द्याचं असते."

"अन् आता?"

"आता उशीर झाला ना, बाई."

पंचफुला तिथंच मिरचीच्या ढिगावर मटकन बसली. भागरथाबाईनं, तिच्या सासूनं, मुकादमाच्या हातातला तांब्या हिसकावला आणि सुनेच्या डोक्यावर ओतला. "तुह्या डोक्यात भुसा हाये का रे?"

"कागदात नाही लिहिलं," इस्तारी म्हणाला.

प्रणाली इस्तारीकडे वळली. "इस्तारीभाऊ, ती केव्हाची हाका मारत होती तुम्हाला! काही नाही जमलं तर हाकेला ओ तरी द्यायची माणसानं!"

"फक्त ओ?"

"हो, तेवढी दिलीत तरी उपकार होतील!"

इस्तारीनं ते बोटावर मोजून पाठ केलं.

"आणि या बायांना आता ऊन लागू देऊ नका. ऊन लागून मरेल एखादी."

हे मात्र त्याच्या काळजाला भिडलं. रात्रभर त्यानं विचार केला. सकाळी चाळीसही बाया गोदामात होत्या. चारी बाजूंनी टिन, वर टिन, खिडकी नाही. मध्ये मिरचीची पोती.

प्रणाली धावत आत गेली. आत ठसका, शिंका, घामाच्या धारा. पंचफुला पोत्याला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले.

"बाहेर चला सगळ्या! चिंचेखाली!"

तेवढ्यात मागं दार लागलं. कडी पडली.

"इस्तारीभाऊ!"

"दारातून उनाची तिरीप येत होती, ताई," बाहेरून समाधानी आवाज आला. "बायांच्या पायाले लागत होती." मग चपला फटफटत केबिनकडे गेल्या. तिथं इस्तारीनं रजिस्टरात लिहिलं, 'आज एकाही बाईला ऊन लागले नाही.' शेठनं वाचलं. सही केली. पारा पाहिला. सव्वीस.

गोदामात पंचफुलाची मान कलली. भागरथाबाई पदरानं वारा घालत होती, पण वाराही भट्टीतला होता. "ओरड पोरी," ती म्हणाली. "तू शिकलेली हायेस. तुहं तरी ऐकतीन."

प्रणालीनं आयुष्यात कधी कोणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. तिनं दोन्ही मुठींनी टिन बडवलं. हात पोळले.

"इस्तारीभाऊ! ओ इस्तारीभाऊ!"

तिनं पुन्हा टिन बडवलं.

"अहो, कडी काढा! बाई जाईल इथं! इस्तारीभाऊ!"

चाळीस बाया तिच्याबरोबर ओरडल्या. टिन थरथरलं. भागरथाबाईनं पोत्याखालचा दगड उचलून मागचा पत्रा ठोकायला घेतला. खिळा थोडा हलला. प्रणालीचा घसा बसत आला होता.

"इस्तारी...भाऊ..."

बाहेर चपला फटफटल्या. जवळ आल्या. दाराशी थांबल्या. सगळ्या बाया दाराकडे वळल्या. पंचफुलानंही डोळे उघडले. बाहेर कोणीतरी घसा खाकरला, आणि अगदी मनापासून, खणखणीत उत्तर आलं.

"ओ!"