लगबगेमामांचं पडणं

"पण गुरुजी, मुलं हसत का नाहीत?"

मंदारनं हे विचारलं तेव्हा मी वाटीभर कढी घेऊन नेर्लेकर गुरुजींच्या दारात पोचले होते. कढीचं नुसतं निमित्त. शेजारी एवढी मोठी गाडी येऊन थांबल्यावर आपण घरात बसायचं तरी कसं?

गुरुजींनी काढलेले लगबगेमामा आमच्या पिढीनं दर रविवारच्या पेपरात पाहिलेले. तीन चौकटींचं चित्र. पहिलीत मामा छत्री घेऊन घाईनं निघायचे. दुसरीत समोर साबणाचं पाणी, नाहीतर वाटेत बसलेली म्हैस. तिसरीत मामांचा पाय प्लास्टरात आणि नजर घड्याळावर. एवढंच. पण पेपर घरभर फिरायचा.

मंदार गुरुजींचा जुना विद्यार्थी. परदेशात शिकून आलेला. आता मामांवर मोठा ॲनिमेशनचा सिनेमा करत होता, घरादारानं मिळून बघावा असा. मामांच्या मिशीचा केस न् केस वेगळा हलतो, हे त्यानं मलाही ऐकवलं. आमच्या ह्यांच्या मिशीनं लग्नापासून एवढे कष्ट घेतलेले नाहीत.

पण थोड्या मुलांना दाखवून पाहिला, तर मामा पडले की सगळी गप्प. एकीनं तर आईला विचारलं, मामांना फार लागलं का. निर्मात्यानं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत मुलं हसली पाहिजेत, नाहीतर सिनेमा दुसऱ्याच्या हाती जाईल.

"पडणंच सगळ्यात भारी झालंय, गुरुजी. अख्खी टीम कित्येक महिने त्यावरच होती."

"दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. मामा निघाले. साबणाचं पाणी आलं. पाय सटकला, छत्री उडाली, मामा हवेत गरकन फिरले, कंबर लादीवर आपटली, चष्म्याची काच तडकली...

कळ माझ्या कमरेत आली. मी खुर्ची धरून बसले.

गुरुजी खुर्ची पुढे ओढून बसले.

"पुन्हा लाव."

या वेळी पाय सटकायच्या आत गुरुजींनी खांद्यावरचा पंचा काढून लॅपटॉपवर टाकला.

आतून धडाड. मग बादली गडगडत लांब गेली... मग एक कोंबडी काहीतरी बोलली.

गुरुजींनी पंचा उचलला. मामा पलंगावर. पाय प्लास्टरात, नजर घड्याळावर.

मला असं हसू फुटलं की निम्मी कढी साडीवर. मंदारही हसला, आणि हसला म्हणून स्वतःवरच चिडला.

मग त्यानं गुरुजींची बरीच समजूत घातली. सिनेमा म्हणजे सगळं हलताना दिसलं पाहिजे, मधेच झाकलं तर लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं, आणि टीमला कुठल्या तोंडानं सांगू?

गुरुजी पंच्याची घडी घालत होते.

"इतकी वर्षं तुम्हीच मामांना पाडलंत," तो शेवटी काकुळतीला आला. "तुमच्या मनात ते कसे पडायचे, तेवढं तरी काढून दाखवा."

गुरुजींनी कागद ओढला. पेन्सिल टेकवली... आणि डोळे मिटून एकटेच हसत सुटले. खांदे गदगदायला लागले. कागद कोराच.

"गुरुजी?"

"पडू दे रे त्यांना," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "आपण बघायचं नाही."